प्रत कुठे आहे, किल्ली कोणाकडे आहे?

१० मार्च २०२१. मध्यरात्र उलटून गेली होती. फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग शहरात ऱ्हाइन नदीच्या बाजूला असलेल्या एका पाचमजली इमारतीला आग लागली. इमारत ओव्हीएच या कंपनीची होती आणि मजल्यामजल्यावर सर्व्हर होते. ती पूर्ण जळाली, शेजारच्या इमारतीतल्या काही खोल्याही गेल्या. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, पण लाखो संकेतस्थळं बंद पडली. संस्थापक ऑक्ताव्ह क्लाबा यांनी ग्राहकांना आपापली आपत्कालीन योजना सुरू करा असं कळवलं. अशी योजना ज्यांच्याकडे नव्हती, त्यांची माहिती कायमची गेली. एका ग्राहकाने तर बॅकअपसाठी वेगळे पैसे भरले होते. तो बॅकअपही तिथेच जळाला. प्रकरण लील शहरातल्या व्यापारी न्यायालयात गेलं आणि २०२३ साली न्यायालयाने कंपनीला भरपाई द्यायला लावली. भरपाई मिळाली, माहिती मिळाली नाही.

क्लाउड म्हटलं की आपल्याला वाटतं, माहिती कुठेतरी सुरक्षित अधांतरी आहे. प्रत्यक्षात ती कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी इमारतीत, फिरत्या तबकड्यांवर असते. ऐरोलीत असेल, पुण्यात असेल, स्ट्रासबूर्गमध्येही असेल. म्हणून ऑनलाइन बॅकअप घेताना मासिक दराच्याही आधी विचारायला हवं, की माझी दुसरी प्रत नेमकी कुठे आहे आणि ती पुसण्याची ताकद कोणाच्या हातात आहे.

पण आधी या सेवा चालतात कशा ते पाहू, कारण त्यातलं गणित खरोखर सुंदर आहे. समजा एखाद्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात एक टेराबाइट माहिती आहे आणि इंटरनेटचा अपलोड वेग २० एमबीपीएस आहे. सगळी माहिती एकदा वर चढवायला साडेचार दिवसांहून जास्त लागतील. रोज रात्री हे शक्यच नाही. म्हणजे पहिल्या खेपेनंतर फक्त बदललेला भाग पाठवायला हवा. पण काय बदललं हे प्रत्येक वेळी जुनी प्रत खाली न उतरवता ओळखायचं कसं?

त्यासाठी फाइलचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचा 'ठसा' काढतात. ठसा म्हणजे गणिती सूत्रातून आलेली ठरावीक लांबीची संख्या. एसएचए-२५६ या प्रचलित सूत्रात ती २५६ बिटांची असते. तुकड्यात एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. तुमचा संगणक सेवेला फक्त ठसे कळवतो. जे ठसे तिकडे आधीच आहेत त्यांचे तुकडे पाठवायचेच नाहीत. एकच पीडीएफ कार्यालयातल्या चाळीस जणांच्या संगणकांवर असली तरी ती एकदाच साठवली जाते. बेल लॅब्जमधल्या शॉन क्विनलन आणि शॉन डॉरवर्ड यांनी २००२ साली 'व्हेंटी' नावाची साठवणप्रणाली मांडली, तिच्यात तर तुकड्याचा पत्ता हाच त्याचा ठसा होता.

इथे एक अडचण येते. तुकडे सरसकट सारख्या मापाचे केले आणि कोणी फाइलच्या सुरुवातीला एक ओळ घातली, तर पुढचा सगळा मजकूर सरकतो. सगळ्या तुकड्यांच्या कडा बदलतात आणि सगळे ठसे नवे होतात. म्हणजे एका ओळीपायी अख्खी फाइल पुन्हा पाठवायची. यावरचा उपाय मला फार आवडतो. कुठे कापायचं हे मापावरून न ठरवता मजकुरावरूनच ठरवायचं. एक छोटी खिडकी मजकुरावरून अक्षराअक्षराने सरकवत न्यायची, दर पावलाला खिडकीतल्या मजकुराची एक संख्या काढायची आणि ती संख्या ठरावीक अटीत बसली की तिथे काप द्यायचा. आता वर ओळ घातली तरी पुढचे काप आपापल्या शब्दांपाशीच पडतात आणि फक्त एखाद-दुसरा तुकडा बदलतो. ही सरकती संख्या झटपट काढण्यासाठी मायकेल राबिन यांनी १९८१ साली मांडलेली पद्धत वापरली जाते.

तिकडे पोचलेली माहिती टिकते कशी? तबकड्या बिघडतातच, ते गृहीत धरूनच रचना केलेली असते. १९६० साली आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी एक संकेतपद्धत मांडली. तिचं मूळ तत्त्व सोपं आहे. ७ आणि ५ या संख्या दोन तबकड्यांवर ठेवल्या आणि त्यांची बेरीज १२ तिसरीवर ठेवली, तर तिघींतली कुठलीही एक गेली तरी उरलेल्या दोघींवरून ती काढता येते. बॅकब्लेझ या अमेरिकी बॅकअप कंपनीने २०१५ साली मांडलेल्या रचनेत याच तत्त्वाने फाइलचे १७ भाग करतात आणि त्यांवरून ३ जादा भाग काढतात. हे २० भाग २० वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवलेले असतात, त्यांतले कुठलेही १७ मिळाले की फाइल जशीच्या तशी उभी राहते. भाजीवाल्याच्या गाडीवरचा यूपीआयचा क्यूआर कोड थोडा फाटला, मळला तरी स्कॅन होतो, तोही याच रीड-सॉलोमन संकेतामुळे.

ॲमेझॉन आपल्या एस३ साठवणीसाठी ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणा सांगते, तो अशाच गणितातून येतो. पण हा आकडा यंत्र बिघडण्याबद्दलचा आहे. कोणी पासवर्ड मिळवून 'डिलीट'चा आदेश दिला तर तोही तितक्याच चोखपणे पाळला जातो. व्यवसायांची माहिती जाते ती अनेकदा या दुसऱ्या वाटेने.

'कोड स्पेसेस' ही प्रोग्रामरांचं काम साठवून ठेवणारी कंपनी. जून २०१४ मध्ये एका घुसखोराने तिच्या ॲमेझॉन खात्याचा ताबा मिळवून खंडणी मागितली आणि कंपनी खातं परत मिळवायला धडपडते आहे हे दिसताच पुसायला सुरुवात केली. मूळ माहिती आणि बॅकअप एकाच खात्याच्या अधिकाराखाली होते. बारा तासांत बहुतेक सगळं गेलं आणि कंपनी बंद पडली. तिजोरीची जादा किल्ली तिजोरीच्याच कडीला लटकवावी, तशी ही व्यवस्था होती.

दुसरं उदाहरण आपल्या किनाऱ्यापर्यंत आलं. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हे विध्वंसक सॉफ्टवेअर मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीच्या जाळ्यात शिरलं आणि तिची जगभरातली अनेक बंदरं ठप्प झाली. त्यांत उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलही होतं. जाळ्यात कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे मर्स्कचे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर पसरलेले होते आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेत. एक गेला तर दुसरा आहेच, हाच त्यांचा बॅकअप. पण त्या दिवशी सगळे एकत्र पुसले गेले. वाचला फक्त घानातला एक, कारण तिथे वीज गेल्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच्यावरून मर्स्क पुन्हा उभी राहिली. कंपनीचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

आपल्याकडच्या अनेक कार्यालयांनी हे लक्षात घ्यायला हवं. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं फोल्डर जुळतं ठेवणं म्हणजे सिंक, तो बॅकअप नव्हे. खंडणीखोर सॉफ्टवेअरने तुमच्या फाइली कुलूपबंद केल्या की सिंक त्या बिघडलेल्या फाइली इमानेइतबारे वर पोचवतं. जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात, पण त्याच खात्यात आणि त्याच पासवर्डमागे. खरी बॅकअप सेवा तारीखवार प्रती ठेवते. चांगल्या सेवेत त्या ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाच, अगदी खात्याच्या मालकालाही, पुसता येत नाहीत. ही सोय बऱ्याच ठिकाणी असते, पण ती आपण मागून सुरू करून घ्यावी लागते.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिनिधीचं गूगल क्लाउडवरची खासगी क्लाउड सेवाच चुकून पुसली गेली. गूगलच्या बाजूने एक रकाना रिकामा राहिला होता, त्यामुळे त्या सेवेला आपोआप एक वर्षाची मुदत लागली आणि मुदत भरताच ती पुसली गेली. निधीने दोन ठिकाणी प्रती ठेवल्या होत्या, त्या दोन्ही गेल्या. पण वेगळ्या सेवादाराकडेही बॅकअप होते, त्यामुळे हानी मर्यादित राहिली. सहा लाखांहून जास्त सभासदांचा हा निधी दुसऱ्या सेवादाराच्या खर्चात काटकसर करता तर काय झालं असतं?

आणि प्रत असली तरी ती परत उतरते का? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, एकही नीट चालत नव्हती. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नसल्याने कधीचाच फसत होता आणि तसं सांगणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत होती, तिने वाचवलं. गिटलॅबने हे सगळं जगापुढे उघड मांडलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

भारतात हा कायद्याचाही विषय आहे. इलेक्ट्रॉनिक हिशोबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवला पाहिजे, असा नियम ऑगस्ट २०२२ पासून कंपन्यांना लागू आहे. पण नियम प्रत ठेवायला सांगतो, ती उघडून पाहणं आपल्यालाच करायचं असतं. तेव्हा या आठवड्यात एवढं कराच. तीन महिन्यांपूर्वीची एक खातेवही किंवा ग्राहकयादी निवडा, ती बॅकअपमधून कार्यालयाबाहेरच्या एखाद्या संगणकावर उतरवा आणि उघडून आकडे ताडून पाहा. किती वेळ लागला ते लिहून ठेवा. बॅकअप तुमच्या स्वतःच्या गुप्त किल्लीने कुलूपबंद असेल, तर ती किल्ली कागदावर लिहून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. ती हरवली तर सेवा देणारी कंपनीही तुमची माहिती उघडू शकत नाही.