वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : दवाखान्यातल्या दिवसांत काय काय होते?



गळीत हंगाम आटोपला, शेवटचा फड तुटला, की मागे टाकलेली दुखणी वर येतात. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा यांची ऑपरेशने उन्हाळ्यात उरकून घ्यायची आपल्याकडे रीतच आहे. त्या यादीत आता आणखी एका ऑपरेशनची भर पडली आहे. ते म्हणजे वजन कमी करण्याचे. पुण्या-मुंबईला, कोल्हापूरला ते होते. पण गावात त्याविषयी माहिती मिळते ती दोनच प्रकारची. एक म्हणतो, "पोट फाडून चरबी काढतात." दुसरा म्हणतो, "चार दिवसांत माणूस बारीक होऊन येतो." दोन्ही खोटे.

हे ऑपरेशन करावे की करू नये, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनी व घरच्यांनी ठरवायचे. दाखल झाल्यापासून घरी येईपर्यंत काय घडते आणि त्यात रुग्णाचा व घरच्यांचा वाटा कोणता, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत. शस्त्र डॉक्टरांच्या हातात असते. पण चालणे, घोट घोट पिणे आणि काही न लपवता सांगणे ही तीन कामे रुग्णाचीच आहेत. ती दुसऱ्या कोणाला करता येत नाहीत.

नेमके काय करतात?

चरबीला हात लावत नाहीत. काम होते ते जठरावर आणि आतड्यावर. सध्या मुख्यतः दोन प्रकार केले जातात. पहिल्या प्रकारात जठराचा सुमारे पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्त भाग कापून काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. त्यात अन्न थोडेच मावते, शिवाय भूक चाळवणारा रस ज्या भागात जास्त तयार होतो तो भागच निघून जातो. याला 'स्लीव्ह' म्हणतात. दुसरा प्रकार 'बायपास'. यात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. पाटाचे पाणी चर काढून पुढच्या वाफ्यात सोडावे, तसे अन्न मधला टप्पा टाळून पुढे जाते. बायपासची सुरुवात अमेरिकेत आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली केली. त्या काळी पोटावर मोठा छेद घ्यावा लागे. आता बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून, चार-सहा लहान छिद्रांतून काम होते.

हे ऑपरेशन कोणासाठी, हे 'बीएमआय' या आकड्यावरून ठरवायला सुरुवात करतात. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागले की तो आकडा येतो. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ११० किलो असेल, तर आकडा ४० च्या थोडा वर जातो. २०२२ साली या क्षेत्रातील सर्जनांच्या अमेरिकन व आंतरराष्ट्रीय संघटनांनी ३५ किंवा त्यावरील व्यक्तींना ही शस्त्रक्रिया सुचवावी असे म्हटले. आशियाई लोकांत मधुमेहासारखे विकार कमी वजनावरच जडतात, म्हणून आपल्यासाठी २७.५ पासूनच विचार करता येतो असेही त्यात आहे. म्हणजे दोन-पाच किलो पोट सुटले म्हणून करायची ही गोष्ट नव्हे.

दाखल होण्यापूर्वी

रक्त, लघवी, साखर, छातीचा फोटो, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी आणि पुष्कळदा जठराची दुर्बीण तपासणी होते. घोरणाऱ्यांची झोपेतील श्वासाची तपासणी करतात. रात्री श्वासाचे यंत्र लावत असाल तर ते दवाखान्यात सोबत न्यावे.

ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात. "ऑपरेशन होणारच आहे, मग आधी उपाशी का?" असे पुष्कळांना वाटते. कारण असे, की यकृताचा डावा भाग जठरावर झाकणासारखा असतो. लठ्ठ माणसाचे यकृत चरबीने सुजलेले असते. या आहाराने ते लहान होते आणि सर्जनला आत हात चालवायला जागा मिळते. म्हणून दाखल होण्याच्या आदल्या दिवशी "शेवटचं म्हणून" मटणाचे जेवण घालण्याचा प्रेमळपणा घरच्यांनी करू नये.

विडी, सिगारेट, तंबाखू, मिसरी, गुटखा हे डॉक्टर सांगतील तितके आठवडे आधी बंद म्हणजे बंद. धूम्रपानाने जखम भरायला वेळ लागतो, फुप्फुसाचा त्रास वाढतो आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही. आयाबायांनी मिसरीचे सांगायला लाजू नये.

औषधांची यादी पूर्ण द्यावी. साखरेच्या, रक्तदाबाच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, वजनाची किंवा मधुमेहाची आठवड्याची इंजेक्शने, वैद्याच्या पुड्या, सगळे सांगावे. यांपैकी काही औषधे भूल देण्याआधी ठरावीक दिवस थांबवावी लागतात. कोणते आणि कधी, ते डॉक्टरच सांगतील.

खर्चाचेही आधी पाहावे. आरोग्य विमा असेल तर कंपनीची पूर्वपरवानगी लेखी घ्यावी. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा त्यावर असावा, अथवा ३५ किंवा त्यावर असून सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, झोपेतील श्वासाचा तीव्र विकार असा गंभीर आजार असावा, अशा अटी असतात. डॉक्टरांच्या दृष्टीने पात्र असलेला रुग्ण विम्याच्या अटीत बसेलच असे नाही. ऊसबिलाचा हप्ता दवाखान्याकडे वळवण्याआधी एवढी चौकशी करावी.

ऑपरेशनचा दिवस

कधीपासून खायचे नाही व कधीपासून पाणीही प्यायचे नाही, हे लिहून देतात. भूल दिल्यावर पोटातले अन्न वर येऊन श्वासनळीत गेले तर जिवावर बेतते. म्हणून चोरून चहा घेतला असेल तर तसे सांगून टाकावे. ऑपरेशन पुढे ढकलतील, एवढेच होईल.

पायांत घट्ट मोजे घालतात किंवा हवेने दाबणाऱ्या पट्ट्या बांधतात. पोटावर एक बारीक इंजेक्शनही देतात. हे सारे पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. पूर्ण भूल असते. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात. काम साधारण एक ते तीन तास चालते, पण भूल देणे आणि शुद्धीवर आणणे धरून रुग्ण बराच वेळ दिसत नाही. बाहेर बसलेल्यांनी घाबरून जाऊ नये.

शुद्धीवर आल्यावर मळमळते, घसा खवखवतो, पोट दुखते. खांदाही दुखतो. "ऑपरेशन पोटाचं आणि दुखतंय खांद्यात, हे कसं?" आत भरलेल्या वायूमुळे पडद्याला त्रास होतो आणि त्याची कळ खांद्यात उमटते. चालल्याने ती दोन-तीन दिवसांत उतरते.

आणि चालणे तर त्याच दिवशी सुरू होते. चार-सहा तासांत सिस्टर धरून उठवते. आपल्याकडे "ऑपरेशन झालंय, पडून राहू द्या" ही समजूत पक्की. येथे ती घातक आहे. पडून राहिले की पायात गुठळी धरते. ती फुप्फुसात गेली तर हाताशी वेळ राहत नाही. तीन गोळ्यांचे श्वासाचे खेळणे देतात, तेही खेळणे समजू नये. जागेपणी दर तासाला ओढावे.

दुसरा आणि तिसरा दिवस

जोड नीट बसला आहे की नाही हे पाहण्यासाठी काही ठिकाणी औषध पाजून फोटो काढतात. मग पाणी सुरू होते. औषधाच्या लहान पेल्याने, सुमारे ३० मिलिलिटर, दहा-पंधरा मिनिटांत संपवायचे. गटागटा प्यायचे नाही. नव्या पोटाला लहान ओंजळ आहे, हे रुग्णाने याच दिवशी शिकायचे असते. त्यानंतर पातळ पदार्थ सुरू होतात: निवळ डाळीचे पाणी, सूप, पातळ ताक.

आता पाहुण्यांविषयी. आपल्याकडे भेटायला येताना मोकळ्या हाताने येत नाहीत. येथे मात्र डबा, केळी, पेढे काही आणू नये. सहा माणसे कॉटभोवती बसली की रुग्ण लाजेने उठत नाही, चालत नाही. एक माणूस सोबतीला पुरे. बाकीच्यांनी गावी राहून जनावरे आणि पाणीपाळी सांभाळली तर तीच मोठी मदत.

सगळे सुरळीत असेल तर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी घरी सोडतात. गाव लांब असेल तर गाडी दर तासाला थांबवून रुग्णाला पाच मिनिटे चालवावे.

मधुमेह्यांनी विशेष लक्ष द्यावे. ऑपरेशननंतर काही दिवसांतच साखर झपाट्याने उतरू शकते. जुन्याच मापाने इन्सुलिन किंवा गोळ्या घेतल्या तर साखर धोकादायक कमी होते. नवी मात्रा कागदावर लिहून घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नये.

घरी आल्यावर

पहिले दोन आठवडे पातळ, मग मऊ व घोटलेले, आणि साधारण सव्वा-दीड महिन्यानंतर साधे जेवण, असा क्रम असतो. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्ध्या तासाने, तेही घोट घोट. दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रथिने लागतात. डाळ, दूध, पनीर, अंडी आणि डॉक्टरांनी दिलेली भुकटी यांतून ती जमवावी. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व या गोळ्या जन्मभर चालू राहतात. वजन उतरले म्हणून त्या सोडल्या तर वर्ष-दोन वर्षांत अंगात रक्त राहत नाही, हातपाय बधिर होतात.

आपण ऊसवाले, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बायपास झालेल्याने उसाचा रस, काकवी, गूळपाणी घेतले तर गोड द्रव एकदम आतड्यात उतरतो. मग धडधड, घाम, चक्कर आणि जुलाब. आपल्याच मळ्यातला रस असला तरी तो टाळावा.

चार ते सहा आठवडे जड उचलायचे नाही. खताची पोती नाहीत की पाठीवरचा फवारणी पंप नाही. म्हणून तारीख ठरवताना लागणीचे आणि तोडणीचे दिवस सोडून ठरवावी. तोडणीची टोळी फडात आली असताना घरात पडून राहणारा शेतकरी आम्ही तरी पाहिलेला नाही.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

या ऑपरेशनमध्ये जिवाचा धोका कमी आहे. हजारात एक ते तीन असा तो सांगितला जातो. पण जोड गळणे, रक्तस्राव, गुठळी ही संकटे बहुधा घरी आल्यावर, पहिल्या महिन्यात उभी राहतात. खालीलपैकी काहीही दिसले तर रात्र असो की दिवस, जेथे ऑपरेशन झाले तेथे फोन करावा आणि निघावे.

१. स्वस्थ बसून नाडी मिनिटाला १२० च्या वर, किंवा ताप, थंडी.
२. वाढत जाणारी पोटदुखी.
३. दम लागणे, छातीत दुखणे, एकाच पोटरीला सूज.
४. सारखी उलटी, घोटभर पाणीही न टिकणे.
५. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच.

यातले चौथे लक्षण फसवे आहे. उलट्या होऊ लागल्या की गावात "पित्त झालं" म्हणून एक सलाईन लावून घेतात. बरेच दिवस उलट्या चालू असलेल्या अशा रुग्णाच्या अंगातले ब-१ जीवनसत्त्व संपलेले असते. त्याला ब-१ न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन दिले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे गावातल्या डॉक्टरांना कळायचे तर आधी ऑपरेशन झाल्याचे त्यांना कळले पाहिजे.

आणि येथेच आपली लाज आडवी येते. वजनाचे ऑपरेशन केले म्हटल्यावर लोक हसतील, म्हणून "हर्नियाचं केलं" असे सांगितले जाते. शेजाऱ्यांना काय सांगायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. डॉक्टरांना मात्र, अगदी दहा वर्षांनी दात काढायला गेलात तरी, खरे सांगा. अंगदुखीची गोळी दुकानातून घेतानाही विचारून घ्या. बायपासवाल्यांना काही वेदनाशामक गोळ्यांनी जोडावर व्रण होतो.

डिस्चार्ज कार्डाच्या दोन प्रती काढाव्यात. एक घरात, दिसेल अशा जागी. दुसरी ज्याची गाडी मध्यरात्री हाक मारल्यावर निघेल, अशा भावकीतल्या माणसाकडे. दवाखान्याचा फोन नंबर दोन्हींवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.