टेलिफोनची तार, संगणकाचे जाळे

टेलिफोनचे जाळे माणसाच्या आवाजासाठी उभारले गेले. सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनांचा पट्टा तारेतून गेला, की बोलणे समजते आणि बोलणारा कोण हेही ओळखू येते. म्हणून एक्सचेंजमधली सगळी यंत्रणा तेवढ्याच पट्ट्याच्या हिशेबाने बांधली होती. फोन लागला की दोन टोकांमधली वाट त्या दोघांसाठी राखून ठेवली जाई. ते गप्प बसले तरी ती दुसऱ्या कोणाला मिळत नसे. संगणकाची गरज अगदी वेगळी असते. त्याला क्षणभर भरपूर मजकूर पाठवायचा असतो आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्यासाठी संगणकांच्या जाळ्यात मजकुराचे लहान तुकडे, म्हणजे पॅकेट, करून प्रत्येकावर पत्ता घालतात आणि एकाच वाटेवरून अनेकांची पॅकेट सोडतात. अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली.

स्वभावाने इतकी वेगळी असलेली ही दोन जाळी जोडणे भाग होते, कारण घरोघरी पोचलेली तार टेलिफोनचीच होती. १९६९ मध्ये सुरू झालेले अर्पानेट हे इंटरनेटचे पूर्वरूपही टेलिफोन कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या सेकंदाला ५० किलोबिटच्या तारांवरच चालत होते. आधी संगणकाच्या आकड्यांना आवाजाचे रूप दिले गेले. पुढे आवाजाचेच आकडे केले गेले. या उलटापालटीचा सर्वांत मोठा फायदा मोठ्या शहरांपेक्षा भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीसारख्या तालुक्याच्या गावांना झाला, कारण त्यांच्यासाठी संगणकाची वेगळी तार कोणी टाकली नसती.

आकड्यांना आवाजाचे रूप देण्याचे पहिले काम मोडेमने केले. १९६२ मध्ये आलेले बेल १०३ हे मोडेम सेकंदाला ३०० बिट पाठवत असे. त्याची रीत साधी होती. फोन करणाऱ्या बाजूने '१' पाठवायचा असेल तर १२७० हर्ट्झचा सूर आणि '०' साठी १०७० हर्ट्झचा. पलीकडून उत्तर देणारे मोडेम २२२५ आणि २०२५ हर्ट्झचे सूर वापरी. चारही सूर आवाजाच्या पट्ट्यातले आणि एकमेकांपासून पुरेसे दूर, त्यामुळे एकाच तारेवर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी 'बोलता' येई. एक्सचेंजला मात्र कोणीतरी शीळ घालते आहे यापलीकडे काही कळत नसे.

तंत्राइतकाच अडथळा कायद्याचा होता. आपल्या तारेला परके उपकरण जोडू द्यायला अमेरिकेतली टेलिफोन कंपनी तयार नव्हती. १९६८ च्या कार्टरफोन निकालाने ती मक्तेदारी सैल झाली आणि मोडेम बनवणाऱ्या लहान कंपन्यांना बाजार खुला झाला. १९८१ च्या हेज स्मार्टमोडेममुळे संगणक स्वतःच क्रमांक फिरवू लागला.

वेग वाढत गेला, पण भिंत दिसू लागली होती. एवढ्या अरुंद पट्ट्यातून ३३.६ किलोबिटच्या पुढे जाणे अवघड होते. मग ५६ किलोबिटचे मोडेम कसे शक्य झाले? तोवर एक्सचेंज अंकीय झाली होती. तिथे आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहीत, म्हणजे एका संभाषणाला ६४ किलोबिट लागत. इंटरनेट कंपनीने आपली बाजू थेट या अंकीय मार्गावर जोडली तर आकड्यांचे आवाजात रूपांतर फक्त ग्राहकाच्या तारेजवळ एकदाच होते, आणि त्यातली खरखर कमी होते. १९९८ च्या व्ही.९० मानकाने हेच साधले. वेग फक्त येणाऱ्या मजकुराला मिळाला. जाणारा मजकूर जुन्याच ३३.६ वर राहिला.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा डायल-अपचा वेग ९.६ किलोबिट होता. जिथे इंटरनेटचे केंद्र नव्हते, तिथल्या माणसाला एसटीडीचा दर भरून दुसऱ्या शहरात फोन लावावा लागे. पान उघडेपर्यंत मीटर पळतच असे. पुढे १७२ ने सुरू होणारे खास क्रमांक आले आणि लहान गावांतूनही स्थानिक दरात जोडणी मिळू लागली. तंत्राच्या दृष्टीने हा बदल किरकोळ, पण ग्रामीण ग्राहकासाठी तो वेगवान मोडेमपेक्षा मोलाचा होता.

त्याआधीच एक्सचेंज स्वतः संगणक बनली होती. भारतात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे एक्सचेंज तयार केले. ते वातानुकूलनाशिवाय, उन्हात आणि धुळीत चालावे हाच त्याचा मुख्य गुण. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूर येथे ते प्रथम बसले. विदर्भातला उन्हाळा ज्याने पाहिला आहे, त्याला या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको.

एक्सचेंज संगणक झाल्यावर एक्सचेंजांचे आपसातले बोलणेही बदलले. पूर्वी 'हा फोन तिकडे जोड' हा निरोप सुरांच्या रूपाने, बोलण्याच्याच वाहिनीतून जाई. तसाच सूर काढून फुकट फोन करणारी मंडळीही निघाली. १९८० मध्ये ठरलेल्या सिग्नलिंग पद्धती क्रमांक ७ ने हे निरोप बोलण्यापासून वेगळे केले आणि त्यांच्यासाठी पॅकेटचे स्वतंत्र जाळे उभे केले. ग्राहकाला न दिसणारे हे जाळे म्हणजे टेलिफोनच्या पोटात शिरलेले खरे संगणक-जाळे. त्याचे श्रेय मात्र सहसा त्याला दिले जात नाही.

त्याचे काम साकोली तालुक्यातल्या एका फोनवरून नीट कळते. साकोलीचा एसटीडी कोड ०७१८६. तो वाचून कोणतेही एक्सचेंज सांगू शकते, की हा फोन कुठे जायचा आहे. पण धानावर गादमाशी किंवा कडाकरपा दिसला म्हणून एखाद्या शेतकऱ्याने किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक लावला, तर या क्रमांकात गावच नसते. एक्सचेंज फोन क्षणभर थांबवते, सिग्नलिंगच्या जाळ्यातून दूरच्या संगणकाला विचारते, 'या क्रमांकाचा खरा पत्ता कोणता आणि पैसे कोणाकडून घ्यायचे?' आणि उत्तर आल्यावर फोन पुढे जोडते. हे सगळे पहिली रिंग वाजण्याआधी उरकते. किसान कॉल सेंटरची सेवा जानेवारी २००४ मध्ये सुरू झाली आणि मराठीतूनही मिळते. क्रमांक तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलण्याची सोय २०११ मध्ये देशभर झाली, तीही अशाच विचारपुशीवर चालते.

'मराठीसाठी दोन दाबा' असे सांगणाऱ्या यंत्रामागे आणखी जुना शोध आहे. १९६३ मध्ये बेल कंपनीने बटणांचा फोन आणला. प्रत्येक बटण दोन सूर एकदम काढते. ५ दाबले की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे. माणसाच्या तोंडून नेमके हे दोन सूर एकत्र निघणे दुर्मीळ, म्हणून संगणकाला बोलणे आणि बटण यांत गल्लत होत नाही. त्यामुळे पडदा नसलेला साधा फोनही संगणकाला आज्ञा देऊ शकला. रेल्वेच्या १३९ या चौकशी क्रमांकापासून बँकेतली शिल्लक सांगणाऱ्या सेवेपर्यंत सारे याच पायावर उभे राहिले. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या यूपीआय १२३पे या सेवेत साध्या फोनवरून क्रमांक लावून, बटणे दाबून पैसे पाठवता येतात. ज्याला वाचता येत नाही किंवा ज्याला स्मार्टफोन परवडत नाही, त्याच्यासाठी बोलणारा संगणक ही चैन नव्हे, गरज आहे. या वाटेला जुनाट समजणे चूक ठरेल.

एसएमएसही सिग्नलिंगच्याच वाहिनीत जन्मला. तिथे उरलेल्या जागेत १४० बाइट मावत होते. रोमन लिपीतले अक्षर ७ बिटांत बसते, म्हणून संदेशाची मर्यादा १६० अक्षरे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून मराठी संदेशात फक्त ७० चिन्हे बसतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलंत हे प्रत्येक वेगळे चिन्ह मोजले जाते. 'साकोली' या शब्दाला छापील अक्षरे तीन दिसतात, पण स, काना, क, ओकार, ल आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे खर्ची पडतात. सरकारी खात्यांचे मराठी संदेश दोन-तीन तुकड्यांत का जातात, त्याचे कारण हे. ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेलेला पहिला एसएमएस संगणकावरूनच फोनवर पाठवलेला होता. आजचा ओटीपी त्याच वाटेने येतो.

तांब्याच्या तारेत आवाजापेक्षा कितीतरी मोठी क्षमता पडून होती. एडीएसएल तंत्राने ४ किलोहर्ट्झपर्यंतचा भाग बोलण्याला ठेवला आणि त्यावरचा, सुमारे ११०० किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा मजकुराला दिला. हा पट्टा २५० हून अधिक बारीक वाहिन्यांत विभागतात आणि ज्या वाहिनीत खरखर आहे तिच्यावर भार कमी टाकतात. घरी येणारा मजकूर जास्त आणि जाणारा कमी, हे ओळखून दोन्ही दिशांना असमान वाटा देण्याचा विचार बेलकोर कंपनीतल्या जोसेफ लेक्लायडर यांचा. बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये या तंत्राची ब्रॉडबँड सेवा आणली. पण उंच पट्ट्यातले सूर लांब तारेत विरतात. एक्सचेंजपासून पाचेक किलोमीटरच्या आत ही सेवा बरी चालते, त्यापुढे नाही. मुंबई–कोलकाता महामार्गावरच्या साकोलीत एक्सचेंजलगतचे घर आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाकडचे गाव यांच्या नशिबात जो फरक पडतो, तो असा तारेच्या लांबीने ठरतो.

त्या दूरच्या गावांसाठी मद्रास आयआयटीत अशोक झुनझुनवाला आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात कॉर-डेक्ट ही बिनतारी पद्धत तयार केली. तिच्यात फोन चालू असताना ३५ आणि नसताना ७० किलोबिट वेगाने इंटरनेट मिळे. मुख्य म्हणजे इंटरनेटचा मजकूर एक्सचेंजच्या वाटेत शिरण्याआधीच बाजूला काढला जाई. तासन्‌तास चालणाऱ्या डायल-अपमुळे एक्सचेंज तुंबत असे, ते यातून टळले. मोबाइल स्वस्त झाल्यावर ती मागे पडली, तरी भारतीय खेड्याचा हिशेब पुढे ठेवून केलेला हा मोजक्या शोधांपैकी एक.

आता आवाजाकडे. १९७४ मध्ये डॅनी कोहेन आणि सहकाऱ्यांनी अर्पानेटवरून पॅकेटच्या रूपाने बोलणे पाठवून दाखवले. त्यासाठी ६४ किलोबिटचा आवाज फार आटोक्यात आणणे आवश्यक होते. कानपूरला जन्मलेले आणि बेल लॅब्जमध्ये काम करणारे बिष्णू अटल यांचे संशोधन इथे कामी आले. आवाजाचा पुढचा नमुना मागच्या नमुन्यांवरून बराचसा ताडता येतो. म्हणून सगळा आवाज न पाठवता अंदाज आणि चूक एवढेच पाठवायचे, ही त्या पद्धतीची मेख. आजचा मोबाइल तिच्याच वंशातल्या पद्धती वापरतो. चलचित्रांच्या अंकीय संक्षेपणात मुंबईच्या आयआयटीत शिकलेले आणि पुढे बेल लॅब्जचे अध्यक्ष झालेले अरुण नेत्रावळी यांचे काम पायाभूत मानले जाते. व्हिडिओ कॉल त्याच वाटेवरचा.

पॅकेट साधारण २० मिलिसेकंदांच्या बोलण्याचे असते. काही लवकर पोचतात, काही उशिरा, काही हरवतात. म्हणून पलीकडे ती क्षणभर साठवून सारख्या गतीने वाजवतात. साठवण कमी पडली तर बोलणे तुटते, जास्त झाली तर दोघे एकमेकांच्या बोलण्यावर आदळतात. एका बाजूचा विलंब दीडशे मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सहज वाटते. १९९५ मध्ये व्होकलटेक कंपनीने इंटरनेट फोनचा प्रोग्रॅम विकायला आणला. मग जुन्या फोनशी गाठ घालून देणारे गेटवे आले आणि १९९९ मध्ये एसआयपी ही निरोपांची पद्धत मानक झाली. तिच्यातले निरोप साध्या मजकुरात असतात: 'इन्व्हाइट', 'रिंगिंग', 'ओके', 'बाय'.

क्रमांकांचा प्रश्न उरला होता. टेलिफोनचा क्रमांक मोठ्याकडून लहानाकडे जातो: देश, गाव, ग्राहक. संकेतस्थळाचा पत्ता लहानाकडून मोठ्याकडे. २००० मध्ये मांडलेल्या ईनम पद्धतीत क्रमांक चक्क उलटा लिहून, आकड्यांमध्ये टिंबे देऊन त्याचा इंटरनेटवरचा पत्ता करतात. साकोलीच्या कोणत्याही लँडलाइनचा असा पत्ता केला तर ग्राहकाच्या आकड्यांनंतर ६.८.१.७.१.९ येईल आणि शेवटी सर्व देशांना समान शेपूट. सामान्य ग्राहकापर्यंत ही पद्धत फारशी पोचली नाही, पण मोबाइल कंपन्यांच्या आतल्या जाळ्यांत ती कामी येते.

भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, तीही बंधनांसह. संगणकावरून देशातल्या साध्या फोनला कॉल करता येत नसे. परदेशात असलेल्या मुलांशी बोलणाऱ्या पालकांना मात्र तेवढ्यानेही मोठा दिलासा मिळाला. देशांतर्गत वाट २०१८ मध्ये मोकळी झाली. तोवर खरा बदल मोबाइलने घडवला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या फोर-जी जाळ्यात जुनी आवाजाची वाहिनीच नव्हती. व्होल्टी पद्धतीने प्रत्येक बोलणे एसआयपी आणि पॅकेटच्या रूपाने जाऊ लागले.

लँडलाइनचेही तेच झाले. फायबर घेतलेल्या घरात जुना फोन ओएनटी नावाच्या डबीला जोडतात. डबीच आवाजाची पॅकेट करते, आणि ०७१८६ चा क्रमांक काचेच्या तंतूवर चालू राहतो. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. भारतनेट ती हीच. या बदलात एक जुनी सोय मात्र गेली. तांब्याच्या तारेवर एक्सचेंजमधून ४८ व्होल्टचा पुरवठा येई, त्यामुळे गावची वीज गेली तरी फोन जिवंत असे. काचेतून वीज जात नाही. पावसाळी वादळात लाइट गेली, की ओएनटी बंद आणि फोनही बंद. अशा डब्या बहुधा १२ व्होल्टवर चालतात आणि राउटरसाठी मिळणारा लहान यूपीएस त्यांना काही तास पुरतो. दवाखाना, पोलीस ठाणे आणि ग्रामपंचायत इथे तरी तो जोडणीबरोबरच बसवला पाहिजे.