म्यूऑन-प्रग्रहण आणि न्यूट्रिनोचे वस्तुमान

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ओसाका व डरहॅम येथील संशोधकांच्या सहकार्याने १९६५ मध्ये कोलारच्या सुवर्णखाणीत, सुमारे २३०० मीटर खोलीवर, वातावरणीय न्यूट्रिनोंची नोंद केली. न्यूट्रिनो खडकातील अणुकेंद्रावर आदळून म्यूऑन निर्माण करतो व तो म्यूऑन शोधकात दिसतो, हे त्या प्रयोगाचे तत्त्व होते. म्यूऑन-प्रग्रहण ही याच्या उलट दिशेची प्रक्रिया होय. ऋण म्यूऑन अणूच्या सर्वांत आतल्या कक्षेत स्थिरावतो, केंद्रातील प्रोटॉन त्याला ग्रहण करून न्यूट्रॉन बनतो आणि न्यूट्रिनो निसटून जातो.

पदव्युत्तर वर्गात या प्रक्रियेचे गणित न्यूट्रिनोचे वस्तुमान शून्य मानून शिकविले जाते. सुपर-कामिओकांडे प्रयोगाने १९९८ मध्ये न्यूट्रिनो-आंदोलनांचा पुरावा दिल्यावर हे गृहीतक टिकत नाही. मग ते गणितही चुकीचे ठरते काय?

हेलियम-३ चे उदाहरण येथे बोलके आहे. त्याच्या केंद्राने म्यूऑन ग्रहण केल्यावर ट्रायटॉन व न्यूट्रिनो असे दोनच कण उरू शकतात. म्हणून ट्रायटॉनची गतिज ऊर्जा निश्चित, सुमारे १.९ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. न्यूट्रिनोला वस्तुमान असल्यास ही ऊर्जा त्या वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्यूऑन-न्यूट्रिनोच्या वस्तुमानाची प्रत्यक्ष मोजमापातून आलेली मर्यादा ०.१९ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. ती धरली तरी घट जेमतेम ६ इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. कॅट्रिन प्रयोगाची २०२५ ची ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ही मर्यादा इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोविषयीची आहे. परंतु आंदोलनांतून दिसणारे वस्तुमानांतील फरक अतिसूक्ष्म असल्याने ज्ञात तिन्ही न्यूट्रिनोंना ती जवळजवळ तशीच लागू पडते. तेव्हा प्रग्रहणाच्या दरातील बदल दहाच्या उणे सतराव्या घाताइतका उरतो. हेलियम-३ मधील हा दर १९९८ मध्ये सेकंदाला १४९६ असा मोजला गेला, आणि त्यातील अनिश्चितता ४ होती!

तात्पर्य, गणितात शून्य घेण्यास हरकत नाही; ‘न्यूट्रिनोला वस्तुमान नसते’ हे विधान मात्र टिपणांतून काढलेच पाहिजे.

अज्ञात जड न्यूट्रिनोची गोष्ट निराळी. ५० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानाचा न्यूट्रिनो अल्प प्रमाणात मिसळलेला असेल, तर काही ट्रायटॉन १.९ ऐवजी सुमारे १.४७ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेवर, मुख्य शिखराच्या खाली वेगळे उमटतील. असा शोध प्रग्रहणातून घेता येतो, आणि त्याची मर्यादा म्यूऑनच्या स्वतःच्या वस्तुमानापाशी, म्हणजे सुमारे १०५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी संपते.