मौजे खराडी : गावाची सीमा आणि गावाची गणना

लहान गावाचे वर्णन करणे हे वरवर पाहता सोपे काम वाटते. चतुःसीमा सांगाव्या, नदी सांगावी, जमिनीचा पोत सांगावा आणि शेवटी लोकसंख्येचा आकडा द्यावा, की प्रबंधाचे पहिले प्रकरण सिद्ध होते. बोलींचा अभ्यास करणारे आपले बहुतेक विद्यार्थी हे प्रकरण असेच लिहितात आणि लगबगीने ध्वनिविचाराकडे वळतात. परंतु पुढे निवेदकांची निवड ज्या आकड्याच्या आधारे व्हावयाची, तो आकडा नेमका कोणत्या ‘गावा’चा, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो का विचारावयास हवा, हे पुण्याच्या पूर्वेस नगर रस्त्यालगत असलेल्या खराडीच्या उदाहरणावरून पाहता येईल.

खराडी मुळा-मुठेच्या डाव्या, म्हणजे उत्तर तीरावर आहे. पलीकडे मुंढवा, मांजरी ही गावे. पश्चिमेस वडगाव शेरी आणि ईशान्येस वाघोली. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्यास जेथे चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथे पुण्यास तो सुमारे सातशे मिलिमीटर इतकाच पडतो, आणि पूर्वेकडे जावे तसा आणखी उणावतो. या खोऱ्यातील गावांची शेती म्हणून नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीवर विसंबून असे. काठापासून वर चढले की मुरूम लागतो. खडकवासल्याचा उजवा कालवा हडपसरवरून पूर्वेस दौंडाकडे जातो, तो दक्षिण तीराने. नदीच्या एका काठाला पाटाचे पाणी आणि दुसऱ्या काठाला ते नाही, हा भेद नकाशावर बोटभर दिसत असला तरी पिकांत, आणि म्हणून पिकांच्या व पाण्याच्या शब्दसंग्रहात, तो मोठा असतो.

आता गावाच्या घटनेकडे वळू. देशावरील गावाचे दोन भाग जुन्या परिभाषेत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ या जोडीने ओळखले जातात. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती यांनी वस्तीची जागा पांढुरकी होते, हे या शब्दामागील निरीक्षण इतके अचूक आहे की पुराणवस्तुसंशोधकही जुन्या वसाहतींचा माग पांढरीच्या टेकाडांवरूनच काढतात. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात जे गाव दिसते, ते या पांढरीभोवती बसलेले आहे. गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हेही तेथेच ठरत असे. पुढे शेतावर राहावयास गेलेल्या कुळांची घरे म्हणजे ‘वस्ती’. खराडीतील थिटे वस्ती या नावात आडनाव आणि वस्ती यांची ही जोड आजही स्पष्ट आहे. शेजारच्या वडगावाला इतर वडगावांपासून वेगळे करणारा ‘शेरी’ हा शब्दही जमीनधाऱ्याच्या परिभाषेतील आहे. शेरी म्हणजे सरकारच्या खास मालकीची जमीन. खुद्द ‘हवेली’ हे तालुक्याचे नाव ठाण्याभोवतीचा, थेट अमलाखालचा मुलूख सुचविते; वाड्याहुड्यांशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह आवरावा.

लोक ज्याला गाव म्हणतात ते हे. जनगणनेचे गाव निराळे. जनगणना महसुली गावाला, म्हणजे मौजाला, एकक मानते. त्यातील पांढरी, वाड्या, वस्त्या या सर्वांची मिळून एकच नोंद होते. उलट, जेथे एकही घर नाही असे मौजेही यादीत ‘बेचिराख’ म्हणून राहते. २०११ च्या जनगणनेतील सुमारे ६ लाख ४० हजार गावांपैकी सुमारे ४३ हजार गावे अशी निर्मनुष्य होती. माणसांवाचून गाव असू शकते, हे भाषेच्या अभ्यासकास चमत्कारिक वाटेल; महसुलास वाटत नाही.

खराडीत याच्या उलट घडले. १९९७ साली ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि २००१ च्या जनगणनेपासून त्याची गणना महानगरात होऊ लागली. माणसे कैक पटींनी वाढली, माहिती तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या व उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या, आणि नेमक्या त्याच वेळी ‘गाव’ म्हणून असलेली लोकसंख्येची नोंद संपली. आता मिळतो तो प्रभागाचा आकडा. प्रभागाच्या सीमा निवडणुकांच्या सोयीने बदलतात, शिवेशी त्यांचे नाते नाही. तरीही एखाद्या विद्यार्थ्याने १९९१ पर्यंतच्या गावाच्या आकड्यांपुढे प्रभागाचा आकडा मांडून ‘वाढ’ काढली, तर तो दोन भिन्न वस्तूंची वजाबाकी करीत असतो. बोलीच्या दृष्टीने हानी अधिकच. शिवारात जन्मलेले भाषक त्या प्रभागात किती, हे तो आकडा सांगू शकत नाही.

मौजे मात्र कागदावर जिवंत आहे. येथील दहाव्या मजल्यावरील सदनिकेच्या खरेदीखतातही ‘मौजे खराडी, तालुका हवेली’ असे लिहून सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर द्यावे लागतात. ‘मौजे’ हा अरबीतून आलेला, पेशवेकालीन कागदांत पावलोपावली भेटणारा शब्द बोलण्यातून गेला, पण दस्तऐवजात टिकला.

या स्थितीत काय करता येईल, याचा एक धडा जवळच आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. तेथे १७७१ च्या सुमारास सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरली होती, आणि त्यांतील ४६३ तुकडे एकराहून लहान होते. ते गावही आता पिंपरी-चिंचवड महानगरात विरून गेले आहे. तरी मॅन यांची पाहणी उपयोगी पडते, कारण त्यांनी जमिनीच्या एकेका तुकड्याला धरून मोजले. केवळ गावाच्या बेरजेवर ते थांबले नाहीत.

भाषिक पाहणीसही हाच मार्ग धरावयास हवा. सर्व्हे नंबर आणि भूमी अभिलेखातील गावनकाशा अद्याप उपलब्ध आहेत. तो नकाशा घेऊन गावठाणातील वृद्धांकडे जावे, आणि प्रत्येक शेताचे, ओढ्याचे, पाणंदीचे, मळ्याचे बोलीतील नाव त्या त्या क्रमांकापुढे, उच्चारासह लिहून घ्यावे. निवेदक कोणत्या वस्तीतला, त्याचे घराणे पांढरीतले की मागाहून आलेले, याचीही नोंद तेथेच करावी. स्त्रियांकडून स्वतंत्र यादी घ्यावी; माहेरची शेतनावे त्या सासरच्या नावांशी ताडून पाहतात, आणि फरक त्यांच्याच ध्यानात येतो. हे काम दोन विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्याच्या सुटीत होण्याजोगे आहे. ज्यांनी ती शेते स्वतः नांगरली, ते लोक आता सत्तरीच्या पुढे आहेत.