मस्क्युलर डिस्ट्रॉफी : पायांपलीकडची दुखणी

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीत आधी पाय थकतात. तीन-चार वर्षांचा मुलगा वारंवार पडू लागतो, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकतो, त्याच्या पोटऱ्या फुगलेल्या दिसतात. उपचार नसतील तर बहुधा बाराव्या वर्षापर्यंत चालणे थांबते. याचे मूळ डिस्ट्रोफिन या प्रथिनाच्या अभावात आहे. १९८७ मध्ये ओळखले गेलेले हे प्रथिन स्नायुपेशीच्या आवरणाला आकुंचनाचा ताण सोसण्याचे बळ देते. ते नसले की पेशी मरत जातात आणि त्यांच्या जागी चरबी व तंतू साचतात. पण डिस्ट्रोफिन हृदयात, श्वासपटलात, आतड्यांत आणि मेंदूतही लागते. त्यामुळे या मुलांचे आयुष्य किती आणि कसे, हे पायांपेक्षा या अवयवांवरच अधिक अवलंबून असते.

श्वासाचा त्रास रात्री सुरू होतो. झोपेत श्वास एरवीही उथळच असतो. श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू दुबळे झाले की तो पुरत नाही आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोके दुखणे, रात्री पुन्हा पुन्हा जाग येणे, वर्गात पेंगणे ही त्याची लक्षणे. घरी आणि शाळेत मात्र मुलगा कंटाळा करतो, असेच वाटत राहते. अशा वेळी नुसता ऑक्सिजन देणे घातक ठरू शकते. श्वास घेण्याची प्रेरणा त्याने मंदावते आणि साठलेला वायू आणखी वाढतो. खरी गरज असते हवा आत ढकलणाऱ्या बायपॅप यंत्राची. खोकण्याची ताकद गेली की साधी सर्दीही न्यूमोनियापर्यंत जाते, म्हणून कफ बाहेर काढणारे यंत्र आणि फ्लू व न्यूमोकोकसच्या लसी महत्त्वाच्या. पूर्वी विशीच्या आसपास संपणारे आयुष्य आज अनेकांच्या बाबतीत तिशीपलीकडे गेले आहे, त्यात या श्वसनोपचारांचा वाटा फार मोठा आहे.

हृदयाचे दुखणे अधिक फसवे. हृदय कमजोर झाले तर एरवी जिना चढताना धाप लागते. खुर्चीत बसलेल्या मुलाला जिना चढायचाच नसतो. तक्रार उमटेपर्यंत हृदयाच्या स्नायूत बरेच व्रण पडून गेलेले असतात. म्हणून निदान झाल्यापासून दरवर्षी इको किंवा एमआरआय तपासणी करावी आणि हृदय चांगले चालत असतानाच, दहाव्या वर्षापर्यंत, एसीई इनहिबिटर गटातले औषध सुरू करावे, अशी शिफारस आहे.

प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट ही स्टेरॉइड चालण्याची वर्षे वाढवतात, पाठीला बाक येण्याचे प्रमाणही कमी करतात. मोबदल्यात वजन वाढते, उंची खुंटते, हाडे ठिसूळ होतात. कसलाही मार न लागता मणके दबू शकतात, म्हणून पाठदुखी कधीच किरकोळ समजू नये. ही औषधे एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. पडल्यानंतर काही तासांत धाप लागली किंवा मूल ग्लानीत गेले, तर हाडातील चरबी रक्तातून फुप्फुसांत आणि मेंदूत पोहोचल्याची शक्यता असते. तातडीने रुग्णालय गाठायला हवे.

रक्ततपासण्याही दिशाभूल करतात. एएसटी आणि एएलटी ही विकरे स्नायूंमधूनही झिरपतात; ती वाढलेली पाहून मुलाच्या यकृतातल्या बिघाडाचा शोध चालू राहतो आणि खरे निदान लांबते. क्रिएटिनिन स्नायूंतून येत असल्याने ते कमीच असते, आणि मूत्रपिंड बिघडले तरी आकडा नॉर्मल दिसतो. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला आजाराची कल्पना असणे अत्यावश्यक आहे. सक्सिनिलकोलिन या औषधाने रक्तातले पोटॅशियम उसळून हृदय थांबू शकते.

बद्धकोष्ठता आणि पुढे गिळण्याचा त्रास होतो. वाचन, एकाग्रता, वागणूक यांतल्या अडचणीही या मुलांत अधिक आढळतात. त्या आजाराचाच भाग आहेत, संस्कारांतली उणीव नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा नावानिशी समावेश असून परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांची तरतूद त्यात आहे.

सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि पुष्कळदा ते आईकडून आलेले असते. अशा वाहक स्त्रियांपैकी काहींचे हृदयही पुढे कमजोर होते. मुलाच्या इकोबरोबर आईचाही इको व्हायला हवा, तिला कसलाही त्रास नसला तरी.