महाविद्यालयीन ग्रंथालय : खिडकीपलीकडचा साठाही विद्यार्थ्यांचाच

नवी दिल्ली : परीक्षा जवळ आली की क्रमिक पुस्तकांच्या मोजक्या प्रतींसाठी देवघेव खिडकीवर रांग लागते. ग्रंथालयाचा मोठा साठा मात्र त्या खिडकीपलीकडे असतो.

सर्वाधिक दुर्लक्षित सोय ‘एन-लिस्ट’ची. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या योजनेत सदस्य महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना हजारो नियतकालिके आणि ई-पुस्तके घरबसल्या वाचता येतात. त्यासाठीचे खाते मात्र महाविद्यालयामार्फतच उघडले जाते. त्यामुळे प्रवेश घेताच, आपले महाविद्यालय सदस्य आहे का, हे ग्रंथपालांना विचारावे आणि असल्यास पासवर्ड मागून घ्यावा. महाविद्यालयाने वर्गणी भरावी आणि विद्यार्थ्यांनी पासवर्डच मागू नये, हा निव्वळ अपव्यय होय.

सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना लागू असून, तीत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके उपलब्ध आहेत. ‘शोधगंगा’वरील पीएच.डी.चे प्रबंध तर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. प्रकल्पाचा विषय ठरवताना प्रबंधाची संदर्भसूची आधी चाळावी. कोणती पुस्तके मागवायची, हे तिथेच कळते.

छापील पुस्तकांसाठी वर्गांक लक्षात ठेवणे सोयीचे. ड्यूई दशांश पद्धतीत अर्थशास्त्र ३३० वर, तर मराठी साहित्य ८९१.४६ वर असते. नेमके पुस्तक बाहेर गेले असले, तरी त्याच विषयाची इतर पुस्तके शेजारीच सापडतात. ही पद्धत पाळणाऱ्या ग्रंथालयांत, मग ते इंदूरचे असो वा हैदराबादचे, मराठी पुस्तकांचा शोध याच क्रमांकापासून सुरू करता येतो.