ग्रंथपाल : कपाटांचा राखणदार की गावचा कार्यकर्ता?

ग्रंथपाल म्हटला की किल्ल्यांचा जुडगा आणि दंडाची पावती एवढेच आमच्या डोळ्यांपुढे येते. आमच्या भागाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघाले. ते काढण्यात पुढे असलेले विनायक लक्ष्मण भावे तेव्हा अवघ्या बाविशीचे. शिकले विज्ञान, पुढे व्यवसाय केला मिठाचा, आणि लिहिले 'महाराष्ट्र सारस्वत'! मिठाच्या हिशेबातून जुन्या कवींची बाडे हुडकायला सवड काढणारा हा गृहस्थ ग्रंथपालाची पदवी घेऊन आला नव्हता. तेव्हा अशी पदवीच आपल्याकडे कुठे होती? डॉ. रंगनाथन हेही मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यांतले चौथे.

हे सूत्र आमच्याकडे फार जिव्हाळ्याचे आहे. डोंबिवली-कल्याणचा चाकरमानी रात्री लोकलमधून उतरतो, तेव्हा वाचनालयाचे दार बहुधा लागलेले असते. १९६७ च्या कायद्याने मान्य ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले, हे चांगलेच झाले. पण दार किती वाजेपर्यंत उघडे ठेवावे हे अनुदान ठरवीत नाही. ते ज्याला वाचक ओळखीचे आहेत, त्या ग्रंथपालाने कार्यकारी मंडळापुढे ठासून सांगावयाचे, आणि मंडळाने ते ऐकावयाचे.